दुपारी सरकणारी खाच

आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर, स्वच्छतागृहाकडे वळण्याच्या जरा अलीकडे, माझा एक फोटो सहा आठवडे टांगलेला होता. हनुवटीखाली हात, नजर दूर कुठेतरी लागलेली, आणि खाली ओळ : 'टेराहर्ट्झ लहरींना लगाम घालणारे संशोधक'. माझी बायको दंतवैद्य आहे. तिनं फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "डावीकडची खालची दाढ ना? कधीपासून दुखतेय?"

आता तिथे नुसता खिळा आहे. तो तिथे कसा उरला, ते सांगायचं तर आधी लगाम म्हणजे काय ते सांगावं लागेल. मला ते सांगायची भारी हौस आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्ही सापडलात.

मोबाइलच्या लहरींपेक्षा बऱ्याच आखूड आणि शेकोटीच्या धगीच्या लहरींपेक्षा लांब, अशा मधल्या पट्ट्यातल्या लहरींना टेराहर्ट्झ म्हणतात. कापडातून, पुठ्ठ्यातून त्या आरपार जातात. पण त्यांना अडवणं, सोडणं, वळवणं मोठं जिकिरीचं काम. त्यासाठी आम्ही नखाएवढ्या चकतीवर, म्हणजे चिपवर, धातूच्या बारीक कड्यांची नक्षी कोरतो. एकेक कडी केसाच्या जाडीएवढी आणि अशा काही हजार. करामत धातूपेक्षा नक्षीत जास्त, म्हणून या प्रकाराला मेटामटेरियल असं भारदस्त नाव आहे. आमचा धातू अतिवाहक, म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांच्याही खाली नेला की विजेला अजिबात अडवत नाही. अशा थंडीत ती नक्षी नेमकी एका ठरावीक मापाची लहर गिळते. आलेखावर तिथे खाच दिसते. एवढं सगळ्या जगाला ठाऊक होतं. माझा दावा त्यापुढचा होता : नक्षीतून थोडा वीजप्रवाह सोडा, तो वाढवत न्या, की ही खाच सरकते आणि खोल होत जाते. नळाची तोटी फिरवावी इतकं सोपं.

हा दावा सिद्ध करण्याचं काम मुळात मास्तरीणबाईंचं होतं. त्या माझ्याकडे पीएच.डी. करत होत्या. माझे बाकीचे विद्यार्थी पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि बाई चव्वेचाळीसच्या. चौदा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून, दोन मुलं मोठी करून, मग त्या इकडे वळल्या. मी त्यांच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. त्या मला 'सर' म्हणायच्या आणि मी त्यांना तोंडावरही 'मास्तरीणबाई'च म्हणायचो, जणू काही ती गंमत होती.

बाईंच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात चिठ्ठ्या. शाळेत असताना त्या प्रश्न विचारायला हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढायच्या. "ओळीनं विचारलं ना सर, तर आपला नंबर यायच्या आधी मुलं निवांत असतात आणि येऊन गेला की परत निवांत," असं त्या सांगायच्या. इथे आल्यावर त्यांनी हजेरी क्रमांकांच्या जागी प्रवाहाचे आकडे लिहिले. डब्यात हात घालायचा, जी चिठ्ठी येईल तेवढा प्रवाह सोडायचा, मोजायचं. मग चिप मध्ये न ठेवता परत एकदा मोजायचं, आणि पुढची चिठ्ठी. माझ्या एका दिवसाच्या कामाला त्यांना तीन दिवस लागत. आणि एवढं करून त्यांचा आलेख कसा, तर भिंतीवर उडालेल्या शिंतोड्यांसारखा. चढ नाही, उतार नाही. प्रवाह वाढवा नाहीतर कमी करा, खाच ढिम्म.

मी हसलो. बाकीच्या पोरांसमोर हसलो, हे मुद्दाम नमूद करतो. म्हणालो, "मास्तरीणबाई, हे विज्ञान आहे, सोडत नाही. चिठ्ठ्या काढून कुठे निसर्ग कळतो का? तुमच्या हाताला गुणच नाही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मग मी स्वतः मैदानात उतरलो. माझी पद्धत शिस्तीची. सकाळी नऊला शून्यापासून सुरुवात, दर अर्ध्या तासाला प्रवाह एक पायरी वर, संध्याकाळी पाचला सगळ्यात वरची पायरी. वीस वर्षांत मी कुठलाही जिना उलटा चढलेलो नाही. आणि काय सांगू! पहिल्याच दिवशी खाच सरकली. दुसऱ्या दिवशीही. तेरा दिवस मोजलं, तेराही दिवस सरकली. मी घरी जाताना शीळ घालू लागलो. शोधनिबंध लिहिला, तो छापून आला, संचालकांनी पाठ थोपटली, छायाचित्रकार आला आणि म्हणाला, "जरा विचार करताय असं दाखवा." मला ते जमेना, म्हणून त्यानंच माझा हात उचलून हनुवटीखाली ठेवला.

निबंध धाडताना त्यावर मास्तरीणबाईंचंही नाव घालावं असं मला वाटलं होतं. मी काही अगदीच दुष्ट नाही. बाई म्हणाल्या, "नको सर. मोजणी तुमची आहे." मला वाटलं, केवढा हा विनय.

त्यांचा प्रबंध मात्र अडून बसला होता. मुदत एकदा वाढवून झालेली, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत पोहोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. मीच मोठ्या मनानं सुचवलं, की पाचवं प्रकरण माझ्या मोजणीवर लिहा, म्हणजे प्रबंधाला कणा येईल. त्यांनी लिहिलं. तीन आठवड्यांपूर्वी दोनशे चौदा पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्यात मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं : 'हा प्रबंध मी संपूर्ण वाचला असून तो मला समाधानकारक वाटतो.' मी शीर्षक वाचलं. मग आभाराचं पान वाचलं, कारण तिथे माझा उल्लेख होता. तो दोनदा होता, म्हणून ते पान दोनदा वाचलं. आणि सही ठोकली.

"वाचलंत सर?" बाईंनी विचारलं.

"अक्षरन् अक्षर," मी म्हणालो. "अप्रतिम."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि गठ्ठा उचलून नेला.

आता शुक्रवारचं सांगतो. पुढच्या आठवड्यात एक परदेशी पाहुणे माझी सरकती खाच डोळ्यांनी बघायला येणार होते, म्हणून म्हटलं, रंगीत तालीम करून घेऊ. सकाळी नऊला बसलो. दहा वाजले, अकरा वाजले, प्रवाह पायरीपायरीनं वर नेला. खाच जागची हलेना. तारा तपासल्या. चिप थंड आहे की नाही पाहिलं. यंत्र बंद करून चालू केलं. हे आम्ही शास्त्रज्ञही करतो, फक्त त्याला वेगळं नाव देतो. उरलेल्या पायऱ्या भराभर चढत दोन वाजताच सगळ्यात वरची पायरी गाठली. खाच आपली तिथेच.

मी घामाघूम होऊन बसलो असताना मामा आले. मामा म्हणजे आमच्याकडचे वायूच्या बाटल्या सांभाळणारे गृहस्थ. निवृत्तीला सहा महिने राहिलेले. सगळी संस्था त्यांना मामाच म्हणते आणि ते सगळ्या संस्थेला भाच्यासारखंच वागवतात.

"काय साहेब, आज हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कसली हवा?"

"पेटीतली हो. सकाळी नवी बाटली जोडली तुमच्या पेटीला. आणि तोटीला कुलूप घातलंय. आता दिवसभर एकसारखा वायू येणार. नाहीतर तुम्ही! सकाळी भसाभसा सोडता आणि मग तोटी आवळून ठेवता. दिवसभर नुसता थेंबथेंब. कितीदा बघितलं मी. म्हटलं, साहेब मोठे आहेत, काहीतरी कारण असेल."

कारण काटकसर होतं. बाटली लवकर संपू नये म्हणून मी सकाळी पेटी कोरडी करून घ्यायचो आणि मग तोटी आवळायचो. मामा हे बोलले आणि मी टेबलाची कड धरली.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या तेव्हा ध्यानात नव्हती, तर तुमच्या कशी असणार? आमचं सगळं मोजण्याचं टेबल एका पारदर्शक पेटीत असतं आणि त्या पेटीत कोरडा वायू भरतात. का? तर टेराहर्ट्झ लहरींना हवेतली वाफ हावरटासारखी गिळते. हे या विषयाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतं. मी स्वतः दरवर्षी नव्या मुलांना बोट नाचवून सांगतो. वाफेची आलेखावर स्वतःची खाच असते, आणि आमच्या चिपची खाच आम्ही नेमकी तिच्या शेजारी कोरली होती. पेटीत वायू थेंबथेंब येतोय, फटींतून बाहेरची दमट हवा आत शिरतेय, दुपार वाढेल तशी वाफेची खाच खोल होतेय आणि शेजारच्या खाचेला आपल्याकडे ओढल्यासारखं दाखवतेय. आणि मी काय वाढवतोय? दर अर्ध्या तासाला, शिस्तीत, एक पायरी प्रवाह.

"मामा, कुलूप काढा," मी म्हणालो.

"अहो, पण आत्ताच..."

"काढा हो."

मी तोटी नेहमीसारखी आवळली. चिपच्या तारा उपसून टेबलावर ठेवल्या, म्हणजे प्रवाहाचा प्रश्नच मिटला. आणि खुर्ची ओढून बसलो. पाच वाजेपर्यंत खाच सरकली होती. छापील निबंधातल्या आकृतीवर आलेख ठेवून पाहिला, तंतोतंत. तारा माझ्या कोपराशी पडल्या होत्या. मी जगाला जी तोटी दाखवली होती, ती खरोखरच तोटी होती. फक्त बाटलीची होती.

पुढच्या एका तासात माझ्या डोक्यात जे विचार आले ते मी कुणाला सांगणार नव्हतो, पण आता लपवण्यासारखं काही राहिलेलंच नाही. पहिला विचार : निबंध वाचतंय कोण? दुसरा : तोटी आवळून ठेवली आणि पाहुण्यांना दुपारीच बोलावलं तर? तिसरा, आणि हा मला फार उदात्त वाटला : मास्तरीणबाईंचं काय होईल? त्यांच्या प्रबंधाचा कणा म्हणजे माझी मोजणी. मी आत्ता तोंड उघडलं तर सोमवार हुकला, सहा वर्षं गेली. म्हणजे गप्प बसणं हे त्यांच्या भल्याचंच होतं. स्वतःची अब्रू वाचवताना दुसऱ्याच्या भल्याचं कारण इतक्या चटकन सापडतं, याचं मला कौतुक वाटलं.

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत पाणी प्यायली.

"मी एकदा चुकीचा दात उपटला होता," ती म्हणाली. "आठवतं?"

"मग काय केलं होतंस?"

"सांगितलं त्याला. दुसरं काय करणार? तोंड त्याचं होतं, त्याला आज ना उद्या कळलंच असतं." मग म्हणाली, "आणि तू बाईंचं नाव घेऊन घाबरू नकोस. तुझं तू घाबर."

शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा मास्तरीणबाई आपल्या टेबलाशी होत्या. समोर प्रबंधाच्या चार प्रती बांधून तयार, आणि बाजूला तो बिस्किटांचा डबा. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. 'दुर्दैवानं काही तांत्रिक बाबी नव्यानं समोर आल्या आहेत' वगैरे. त्यांतलं एकही कामी आलं नाही.

"बाई, ती खाच प्रवाहानं सरकत नाही," मी म्हणालो. "वाफेनं सरकते. मी तोटी आवळून ठेवायचो. निबंध चुकीचा आहे. तुमचं पाचवं प्रकरण माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."

त्यांना धक्का बसेल, डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी तयारी होती. खिशात धुतलेला रुमाल होता. बाईंनी खणातून माझ्या सहीचा तो जुना गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"एकशे बारावं पान काढा सर."

काढलं. पानात घडी घातलेली एक चिठ्ठी होती. घडी अजून करकरीत. उलगडली. बारीक, गोल, फळ्यावरच्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : 'सर, इथवर आलात की एकदा बोलू या. घाई नाही.'

चिठ्ठीखाली माझाच आलेख होता. तेच तेरा दिवस, तेच ठिपके. फक्त खालच्या रेघेवर प्रवाहाच्या जागी घड्याळ होतं, नऊपासून पाचपर्यंत. आणि शेजारी, पेटीतल्या आर्द्रतामापकाची नोंद, जी यंत्र आपली आपण ठेवत होतं आणि मी कधी उघडून पाहिली नव्हती. दोन्ही रेघा हातात हात घालून चढत होत्या. खाली एक वाक्य : 'या मोजणीत प्रवाह आणि वेळ एकाच क्रमाने वाढत गेल्याने दोहोंचा परिणाम वेगळा करता येत नाही, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवल्यास सरकणे दिसत नाही.' माझी चूक याहून सभ्य भाषेत मला स्वतःलाही लिहिता आली नसती.

म्हणजे प्रबंधाचा कणा माझी मोजणी नव्हतीच. त्यांचे शिंतोडे हाच कणा होता. मी ज्याला हसलो, ते बरोबर होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो. "मग मला सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं सर. एकदा तुम्ही म्हणालात, माझ्या हाताला गुण नाही. दुसऱ्यांदा फोटोवाले आले होते." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मग म्हटलं, लिहून ठेवू. तुम्ही वाचालच. शाळेत पालकांना प्रगतिपुस्तक पाठवायचे, तेव्हाही मी आत अशी चिठ्ठी ठेवायचे. सही आली आणि चिठ्ठी तशीच परत आली, की कळायचं."

मला मान वर करवेना. लाज वाटली, आणि ती निबंधाची नव्हती. निबंध काय, माणसं चुकतात. मी 'अक्षरन् अक्षर' म्हणालो होतो.

मग माझं लक्ष त्या चार प्रतींकडे गेलं. चारही प्रतींत प्रमाणपत्राची जागा कोरी होती.

"हे काय? माझी सही यात का नाही घातली?"

"खोटी आहे ना ती," बाई म्हणाल्या. "त्यावर लिहिलंय, संपूर्ण वाचला. तशा सहीवर मला पदवी नको होती."

"आणि मी आलोच नसतो तर? सोमवारी पाच वाजले असते."

"मग परत शाळा," त्या म्हणाल्या. आणि आता मात्र त्यांचा आवाज हलला. "तीन आठवडे रोज वाटतंय, आज येतील. आज तरी येतील. घरी धाकटी रोज विचारते, आई, झालं का ग जमा? काय सांगू तिला?"

मी खुर्ची ओढली, गठ्ठा घेतला आणि पहिलं पान उघडलं. "मला पेन द्या," मी म्हणालो.

शनिवार आणि रविवार मी दोनशे चौदा पानं वाचली. बाई समोर बसून होत्या, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा. मध्येच मी डुलकी काढतोय असं वाटलं, की टेबलावर पट्टी वाजायची. आणि खरं सांगतो, प्रबंध चांगला होता. मी केलेल्या कुठल्याही कामापेक्षा चांगला होता. एका प्रवाहाला नऊनऊ वेळा मोजलेलं, दर वेळी चिपविना कोरी मोजणी, कुठेही हातचलाखी नाही. 'प्रवाहाने काही होत नाही' एवढं एक वाक्य ठामपणे म्हणता यावं म्हणून या बाईनं दोन वर्षं डब्यात हात घातला होता.

एकसष्टाव्या पानावर मी थांबलो. "बाई, इथे चुकलंय. चिप आठ अंश सेल्सिअसला मोजली असं लिहिलंय. आठ केल्विन हवं, म्हणजे उणे दोनशे पासष्ट. आठ सेल्सिअसला तर भाजी ठेवायच्या फ्रिजमध्येही काम झालं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "ती चूक मुद्दाम ठेवलीय. बांधलेल्या प्रतींत बरोबर आहे."

आणि त्यांनी लाल पेन काढून त्या ओळीशेजारी एक छानदार बरोबरची खूण केली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसानं हे कबूल करू नये, पण निबंध छापून आला तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता.

निबंध मागे घेतल्याचं पत्र मी त्यांच्या समोरच लिहिलं आणि धाडलं. 'दुर्दैवानं' हा शब्द दोनदा लिहून दोनदा खोडला. संचालकांना फोन केला, ते म्हणाले, "फोटो उतरवायला शिपाई पाठवू, की तुम्ही स्वतः...?" मी म्हटलं, स्वतः उतरवतो. त्या पाहुण्यांनाही कळवलं. रविवारी संध्याकाळी चार नव्या प्रमाणपत्रांवर नव्या तारखेनं सह्या केल्या.

सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत गेला. मी गठ्ठे उचलायला सोबत होतो. पावती हातात पडल्यावर बाईंनी ती दोनदा वाचली, मग पर्समधून माझ्या नावाची ती एकशे बाराव्या पानावरची चिठ्ठी काढली, उलटी केली, खिडकीच्याच फळीवर ठेवून लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली.

ती अजून माझ्या पाकिटात आहे. फोटोच्या चौकटीत लावायचं बायकोनं सुचवलं होतं; खिळा मोकळाच आहे म्हणे. एका बाजूला 'घाई नाही' आणि दुसऱ्या बाजूला शेरा :

'हाताला गुण आहे. वाचन वाढवावे.'